गरोदरपणात उभ्याने काम होत नाही. खुर्ची मागितली तर नोकरी जाईल का?

सहावा महिना आहे, कारखान्यात दिवसभर उभे राहून माल तपासावा लागतो आणि खुर्ची मागायची भीती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. निःसंकोच मागा, पण लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सुटे भाग गेजने (माप तपासण्याच्या साधनाने) तपासत असे. पायांवर सूज येऊ लागली तेव्हा मी स्टूल मागितले, तर सुपरवायझरांनी सर्वांदेखत "मग घरीच बसा की" असे सुनावले. ते मी मनावर घेतले नसते. परंतु त्याच रात्री जेवताना माझ्या दिरांनी, ज्यांचे स्वतःचे उद्यमनगरात वर्कशॉप आहे, सुपरवायझरांचीच बाजू घेतली आणि असले लाड पुरवायचे तर बायकांना कामावर ठेवणेच परवडणार नाही, असे ऐकवले. यजमान खाली मान घालून जेवत राहिले. मी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला आणि आठवडाभरात स्टूल आले.

उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला, पुरुषालासुद्धा, बसण्याची सोय द्यावी असे 1948 च्या कारखाना कायद्यातच होते. मग लाड कसले? 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार तर प्रसूतीपूर्वीचे सहा आठवडे आणि त्याआधीचा एक महिना, स्त्रीने विनंती केल्यास, तिला फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही आणि हलके काम दिले म्हणून पगारही कापता येत नाही. राहिला परवडण्याचा प्रश्न. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असेल आणि महिन्याचा पगार 21 हजारांपर्यंत असेल, तर 26 आठवड्यांच्या रजेचे पैसे त्या योजनेचे महामंडळ देते; मालक वर्गणी भरतो, आणि ती पुरुष कामगारामागेही त्याच दराने भरावी लागते. हा हिशेब दिरांनी आजतागायत मांडलेला नाही.

तुमचा सहावाच महिना असल्याने उभे राहण्याबाबतची तरतूद अजून लागू होत नाही, म्हणून अर्जात बसण्याच्या सोयीचाच आधार घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. प्रसूतीच्या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. त्याआधी गरोदरपणात काढले, तरी गंभीर गैरवर्तनाचा ठपका नसल्यास मातृत्व लाभ बुडत नाही. आधीच दोन किंवा अधिक अपत्ये असल्यास रजा 12 आठवड्यांचीच मिळते. नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत गेले आहेत, त्यामुळे अर्जात कलमांचे जुने क्रमांक घालू नका.