केसगळतीच्या गोळीचा त्रास, घाईत घेतलेली संमती आणि परत न मिळणारे पॅकेजचे पैसे

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून संगमनेरला राहतो आणि तिथल्याच एका पतसंस्थेत नोकरी करतो. केस विरळ होऊ लागल्याने गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यातील एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो. पांढरा कोट घातलेल्या 'काउन्सेलर' बाईंनी कॅमेऱ्याने टाळू दाखवली आणि 'आता सुरू केले नाहीत तर उशीर होईल' असे सांगून ८६,००० रुपयांचे पॅकेज दिले. त्यात पीआरपीच्या (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टाळूत टोचण्याच्या) सहा बैठका, फिनास्टेराइडच्या गोळ्या आणि क्लिनिकचे स्वतःचे लोशन होते. २०,००० रुपये मी यूपीआयने भरले आणि उरलेल्या रकमेचे एका फायनान्स कंपनीकडून बारा हप्ते करून दिले गेले. तीन महिन्यांत लैंगिक इच्छा जवळजवळ संपली, मन उदास राहू लागले. जानेवारीत संगमनेरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी गोळी बंद करायला लावली. त्रास कमी झाला आहे, पण गेलेला नाही आणि झोपही लागत नाही. माझे लग्न नुकतेच झाले आहे. क्लिनिक म्हणते, 'तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, हवे तर भावाच्या नावावर करून देतो.' पैसे आणि भरपाई मिळेल का? हप्ते थांबवू का? आणि या सगळ्यात माझी खासगी गोष्ट चारचौघांत येईल का?

उत्तर : कायद्याकडे वळण्यापूर्वी आपल्या प्रकृतीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. फिनास्टेराइडच्या बाबतीत आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामकाच्या सुरक्षा समितीने मे २०२५ मध्ये नमूद केले आहे, आणि अमेरिकी नियामकाने त्याचा उल्लेख माहितीपत्रकात करण्यास २०२२ मध्येच सांगितले होते. त्यामुळे आपले उदास वाटणे 'टेन्शन' म्हणून अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि अवेळी गरज भासली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. त्या तपासणीचे कागद पुढे दाव्यातही लागतील, पण दावा करायचा नसता तरीही मी हेच सांगितले असते.

आपल्या पत्राचा सारा भर 'गोळीने त्रास झाला' यावर आहे. तक्रार याच एका पायावर उभी केलीत तर ती टिकणे अवघड जाईल, कारण औषधाचा दुष्परिणाम होणे आणि वैद्यकीय निष्काळजीपणा होणे या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. पुरुषांच्या टक्कल पडण्यावर फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्या वेळच्या चाचण्यांत लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांत आढळले, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतही ते २.१ टक्के होते. क्लिनिकचे वकील हे आकडे पहिल्याच तारखेला पुढे ठेवतील आणि औषध मान्यताप्राप्त आहे, त्रास विरळा आहे, तो नोकरीच्या ताणामुळेही होऊ शकतो, असा युक्तिवाद करतील. त्यातले काहीही सहजासहजी खोडून काढता येणार नाही. आपली बाजू भक्कम आहे ती अन्यत्र : हे औषध नेमके कोणी लिहून दिले, देण्यापूर्वी काय सांगितले आणि सही कोणत्या कागदावर घेतली, या तीन प्रश्नांवर.

आपण पाठवलेल्या संमतीपत्राची चारही पाने मी वाचली. छापील मजकूर इंग्रजीत आहे. तिसऱ्या पानावर 'सर्व धोके मला समजावून सांगितले असून ते मला मान्य आहेत' अशा अर्थाचे वाक्य आहे आणि त्यावर पीआरपीच्या सुईने होणारी वेदना, सूज व लालसरपणा एवढेच नोंदवले आहे. फिनास्टेराइडचे नाव चारही पानांवर कुठेच नाही. डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी आहे. सर्वांत बोलकी आहे ती वेळ : यूपीआयची पावती दुपारी १२ वाजून १० मिनिटांची आहे आणि आपण सहीखाली लिहिलेली वेळ १२ वाजून १४ मिनिटांची. म्हणजे पैसे आधी आले आणि 'समजावून सांगणे' नंतर झाले. हा कागद क्लिनिक स्वतःची ढाल म्हणून दाखवत आहे, पण माझ्या मते तो आपल्याच कामाचा आहे. त्याची मूळ प्रत जपा, तिच्यावर काही लिहू नका, आणि पावतीसह तिच्या रंगीत प्रती काढून ठेवा.

संमतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल आजही पायाभूत मानला जातो. उपचाराचे स्वरूप, हेतू, अपेक्षित फायदा, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम, एवढी माहिती मिळाल्यानंतर रुग्णाने दिलेलीच संमती खरी, असे त्यात म्हटले आहे. त्याच निकालात दूरच्या किंवा निव्वळ सैद्धान्तिक शक्यता सांगण्याची गरज नाही, असेही आहे, आणि समोरचा पक्ष नेमक्या या वाक्याला धरून राहील. त्यावर आपले उत्तर असे असावे : जो धोका उत्पादक स्वतः गोळीच्या माहितीपत्रकात छापतो तो दूरचा म्हणता येत नाही, हा उपचार जीव वाचवण्यासाठी नव्हता, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ हाताशी होता, आणि नुकतेच लग्न झालेल्या माणसाला लैंगिक दुष्परिणामाची शक्यता माहीत असणे निर्णायक ठरले असते. मिनॉक्सिडिलसारखा वरून लावण्याचा पर्याय आहे, हेही आपल्याला सांगितले गेले नाही, असे आपले म्हणणे आहे. ते शपथपत्रात स्पष्ट शब्दांत लिहा.

औषध लिहून देणाऱ्याचा मुद्दा याहूनही वजनदार आहे. फिनास्टेराइड नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि पाकिटावर तसा इशारा छापलेला असतो. आपल्या चिठ्ठीवर बीएचएमएस या होमिओपॅथीच्या पदवीचा रबरी शिक्का आहे, तर लेटरहेडवर त्वचारोगातील एमडी असलेल्या एका डॉक्टरांचे नाव 'वैद्यकीय संचालक' म्हणून झळकते, ज्यांना आपण एकदाही भेटला नाहीत. होमिओपॅथीच्या पदवीधराने ॲलोपॅथीचे औषध देणे हा स्वयंसिद्ध निष्काळजीपणा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात म्हटले आहे. महाराष्ट्रात मात्र यात एक मेख आहे. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना राज्याने २०१४ च्या दुरुस्तीने ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा दिली आणि त्या दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. म्हणून आधी क्लिनिकला लेखी नोटीस पाठवून तिच्यातच विचारा : शिक्का कोणाचा, नोंदणी क्रमांक कोणता, आणि हा अभ्यासक्रम पूर्ण केला असल्यास त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे? उत्तर आले नाही तर ते मौनही ग्राहक आयोगापुढे मांडता येते. एमडी डॉक्टरांनी रुग्ण न पाहता आपले नाव वापरू दिले असेल तर त्याबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे स्वतंत्र तक्रार करता येईल. परिषद पैसे मिळवून देत नाही. तिचा अधिकार नोंदणीपुरता आहे, पण कित्येक क्लिनिकना आयोगाच्या समन्सपेक्षा परिषदेच्या पत्राचा धाक अधिक असतो, असा माझा अनुभव आहे.

याच नोटिशीत आपल्या संपूर्ण वैद्यकीय नोंदींची मागणी करा. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे, हे २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांवर बंधनकारक आहे. म्हणून हे पत्र क्लिनिकच्या शाखेबरोबरच कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि लेटरहेडवरील त्या एमडी डॉक्टरांनाही पोचपावतीसह टपालाने पाठवा. नुसत्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नका.

तक्रार ग्राहक आयोगातच करावी. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ मध्येच ठरले असून, २०१९ च्या नव्या कायद्यालाही तेच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अधिकारक्षेत्र आपण मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही; प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. शिवाय तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे पुण्याला खेपा घालण्याचे कारण नाही. अहिल्यानगरचा जिल्हा आयोग आपल्यासाठी पुरेसा आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती जानेवारीपासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण अशा वादात शिरण्याचे कारण नाही. पैसे भरल्याची तारीख धरा आणि त्याच्या आत दाखल व्हा.

'नॉन-रिफंडेबल' या अटीविषयी एक तांत्रिक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर तक्रारी अडकतात. एकतर्फी करार अनुचित ठरवण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, परंतु 'अनुचित करारा'ची तक्रार राज्य आयोगापुढे करावी लागते. जिल्हा आयोगाला तो अधिकार दिलेला नाही. त्यामुळे ती अट रद्द करा अशी मुख्य मागणी जिल्हा आयोगात करू नये. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन शीर्षकांखाली परतावा मागावा. सदोष सेवा थांबवून पैसे परत करण्यास नकार देणे हीच कायद्याच्या व्याख्येनुसार अनुचित प्रथा आहे. सहापैकी दोनच पीआरपी बैठका झाल्या असल्याने उरलेल्या चार बैठकांचे पैसे कोणत्याही दृष्टीने क्लिनिकला ठेवता येणार नाहीत, आणि माहिती न देता संमती घेतल्याचे सिद्ध झाल्यास संपूर्ण रक्कम मागण्यास जागा आहे. पॅकेज भावाच्या नावावर करण्याचा प्रस्ताव लेखी नाकारा. ज्या औषधाचा त्रास आपल्याला झाला ते औषध भावाला देण्याची तयारी दाखवणाऱ्या क्लिनिकची वृत्ती त्या एका संदेशातून दिसते. तो पुरावा म्हणून जोडा.

हप्ते थांबवण्याचा विचार मात्र सोडून द्या. कर्ज फायनान्स कंपनीचे आहे आणि तिच्या लेखी आपण कर्जदार आहात, रुग्ण नव्हे. हप्ता चुकला की सिबिलवर नोंद होते आणि पतसंस्थेतल्या नोकरदाराला ती विशेष जाचते. फायनान्स कंपनीलाही तक्रारीत पक्षकार करा आणि ग्राहक कायद्याच्या कलम ३८ (८) खाली अंतरिम अर्ज देऊन, निकाल लागेपर्यंत उरलेले हप्ते स्थगित ठेवण्याची मागणी करा. ती मान्य होईलच असे नाही. कर्जाची मुख्य माहिती दाखवणारे पत्रक आपल्याला दिले गेले नसेल तर कंपनीकडे आधी लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

त्रास औषधामुळेच झाला हे दाखवण्यासाठी घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे : गोळीपूर्वी त्रास नव्हता, गोळीनंतर सुरू झाला, बंद केल्यावर कमी झाला. संगमनेरच्या डॉक्टरांकडून हा क्रम तारखांसह लिहून घ्या आणि थायरॉइड, साखर, टेस्टोस्टेरॉन या तपासण्यांचे अहवाल जोडा, म्हणजे दुसऱ्या कारणाचा युक्तिवाद बोथट होईल. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव प्रकरणात म्हटले आहे, तरी येथे ते जोडणे शहाणपणाचे ठरेल. या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो, तीही करा. भरपाईच्या रकमेबाबत मी आपल्याला मोठे आकडे दाखवणार नाही. परतावा, व्याज, तक्रारीचा खर्च आणि मानसिक त्रासापोटी माफक रक्कम, एवढी अपेक्षा वास्तववादी आहे. पोलिसांत जाण्याची घाई करू नका. डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्के आहे.

'शंभर टक्के केस परत' या फलकाचा फोटो आपण पाठवला आहे. औषध नियमावलीच्या परिशिष्ट 'जे'मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्हींचा समावेश आहे, म्हणजे त्यावर औषधाने इलाज होतो असा दावा करण्यास मनाई आहे. केरळातील त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने केसांच्या एका क्रीमच्या जाहिरातीबद्दल उत्पादकासह जाहिरातीतील अभिनेत्यालाही भरपाई द्यायला लावली होती. हा मुद्दा तक्रारीत घ्या, पण दुय्यम ठेवा.

खासगीपणाबद्दल आपली भीती रास्त आहे. ग्राहक आयोगात सुनावणी मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रांवर चालते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हे सर्व सांगण्याची वेळ सहसा येत नाही. तरीही वैद्यकीय कागद बंद लिफाफ्यात स्वीकारावेत आणि निकालपत्रात नावाऐवजी आद्याक्षरे वापरावीत, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तो मान्य करणे आयोगाच्या विवेकाधीन आहे. प्रकरण मध्यस्थीकडे गेले तर तिथली बोलणी गोपनीय राहतात, आणि आपल्यासारख्या प्रकरणात मध्यस्थी मुळीच कमीपणाची नाही.

राहिले लोशन. आपल्या छायाचित्रात बाटलीवर केवळ क्लिनिकचे नाव असलेला स्टिकर आहे. घटक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना, मुदत यांपैकी काहीच नाही. त्यातही फिनास्टेराइड मिसळलेले असू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते लावू नका, पण उरलेले फेकूही नका. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली, खरेदी केलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कोणत्याही व्यक्तीला आहे. त्यासाठी बाटली जशी आहे तशी, झाकण घट्ट लावून, खरेदीच्या पावतीसह बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अहिल्यानगर कार्यालयात अर्ज द्या.