ट्रायल्स बाइकसाठी खडक कुठे शोधावा?

प्रश्न : मी ट्रायल्स बाइकचा, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता तोल साधत मोटारसायकल नेण्याच्या खेळाचा, सराव नुकताच सुरू केला आहे. आमच्या गावाभोवती टेकड्या पुष्कळ आहेत. परंतु सरावायोग्य नैसर्गिक खडक कसा ओळखावा आणि तेथे गाडी नेण्यास कोणाची हरकत तर येणार नाही ना?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : टेकडीचा माथा सोडून आधी नाल्याचे पात्र पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या भागातील खडक काळा बेसाल्ट आहे. उतारावर तो बहुधा मुरमाखाली दबलेला असतो. नाल्यात मात्र पुराने माती धुऊन नेल्यामुळे उघडा पडतो आणि हातभर उंचीच्या पायऱ्या आयत्या मिळतात. हा खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या धोंड्याचा पापुद्रा मागच्या चाकाखाली निसटला की स्वार पाठीवर पडतो. म्हणून प्रत्येक धोंडा दुसऱ्या दगडाने ठोकून पाहावा : आवाज खणखणीत आला तर तो घट्ट, बद्द आला तर पोकळ. ओल्या शेवाळावर चाक ठरत नाही; म्हणून पाणी आटल्यावर, जानेवारीनंतर, सराव करावा.

नवशिक्याला उंच कडा लागत नाही. या खेळात पाय एकदा टेकला तर 1, दोनदा टेकला तर 2, त्याहून अधिक वेळा टेकला तर 3 आणि आखून दिलेला अडथळ्यांचा टप्पा फसला तर 5 दंडगुण मिळतात. म्हणजे कस लागतो तो तोलाचा, आणि तो गुडघाभर दगडांवरही लागतो. मागच्या टायरमध्ये 4 ते 5 पौंडच हवा ठेवावी, म्हणजे टायर दगडाला धरून राहतो.

हरकतीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. गावाबाहेरची खुरटी, ओसाड जमीन पडीक वाटली तरी ती नोंदीत ‘झुडपी जंगल’ असू शकते, आणि अशा जमिनी वनजमीनच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा तलाठ्याकडे गट क्रमांक दाखवून नोंद पाहावी. जमीन वनखात्याची निघाली तर परवानगीशिवाय तेथे गाडी नेऊ नये. सर्वांत सोयीचे म्हणजे स्वतःच्या किंवा नात्यातल्या शेताची बरड पट्टी. नाल्यात उतरण्यासाठी शेजाऱ्याचा धुरा (शेताचा बांध) ओलांडावा लागत असेल तर त्यांना आधी भेटून विचारावे, कापसाची वेचणी सुरू असताना आणि गुरे पाण्यावर येण्याच्या वेळी गाडी चालवू नये. इंजिनच्या आवाजाने बैल बुजतात, आणि डोहात तेल सांडले तर तेच पाणी गुरांच्या तोंडी जाते.