शांत बसलं की आतून रिकामं वाटतं, भीती वाटते. अशा वेळी मनाकडं कसं बघावं? रोज किती मिनिटं बसावं?

चार वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय मी. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, सगळं पाळलं. पण तिथं मला रिकामं असं वाटलंच नाही. घंटा वाजली की उठा, घंटा वाजली की बसा. रिकामेपणाची गाठ पडली ती केज तालुक्यात, गव्हाला पाणी देताना.

मागच्या जानेवारीत लाईट रात्रीची होती. बाराला दारं धरायला गेलो. दीडच्या सुमारास लाईट गेली, मोटार बंद पडली. आधी कळलंच नाही, कानात घरघर चालूच होती. ती विरली आणि पोटात खड्डा पडला. हात आपोआप खिशात गेला, तर मोबाइल उतरलेला. बसलो बांधावर.

शिकवल्याप्रमाणं श्वास बघायला लागलो. छाती आवळलेली, तळहात गार. ते धड जाणवायच्या आत मन दादाशी भांडायला लागलं. आमचा बांधाचा वाद आहे, दोन वर्षं बोलणं बंद. तो काय म्हणणार, मी काय म्हणणार, दोघांची वाक्यं मलाच पाठ. श्वासावर आलो की पुन्हा दादा. चार-पाच खेपा झाल्यावर ध्यानात आलं की मला राग वगैरे काही आलेला नव्हता. ती पोकळी सोसत नव्हती, म्हणून मीच दादाला बोलावून घेत होतो. भांडणाची का होईना, सोबत होती.

तेव्हा रिकामेपणाकडं टक लावून बसू नका, हाती काही लागत नाही. मन तिथून उठून कुठं पळतं ते बघा. प्रत्येकाचं पळायचं ठिकाण ठरलेलं असतं. कुणाचं कर्ज, कुणाचा मोबाइल, माझा दादा.

शिबिराला निघालो तेव्हा हाच दादा म्हणाला होता, "काम कमी पडायलंय तुला, म्हणून रिकामं वाटायलंय. गप बसायला इगतपुरी कशाला लागती? मुकुंदराजाच्या समाधीवर जाऊन बस." समाधीचं बरोबर आहे. अंबाजोगाईजवळ, डोंगरात, बसण्यासारखी जागा आहे. पण कामाचं साफ चूक. स्वतः दादा शेतातल्या आखाड्यावर रेडिओ लावल्याशिवाय झोपत नाही. त्यालाही काम कमी आहे म्हणायचं का?

हां, एक राहिलंच. झोप-जेवण उडालं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हे असलं काही करत बसू नका. डॉक्टरला गाठा, नाहीतर टेली मानसला, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, फुकट आहे.

मिनिटांचं मला सांगता येणार नाही. मी लाईट येईपर्यंत बसलो होतो. खरं तर त्यानंतरही. मोटार ऑटोवर होती, ती कधी सुरू झाली याचं भान राहिलं नाही आणि पाणी बांध ओलांडून दादाच्या हरभऱ्यात गेलं. सकाळी त्यानं बघितलं असणारच. अजून वहिनीकडून काही निरोप आलेला नाही.