'रिव्हर्स ऑफ लंडन' सिरीजचा पाचवा पार्ट आधीचे चार न वाचता डायरेक्ट वाचला तर चालेल का?

तुम्हाला जुन्या पुस्तकांच्या ढिगात बेन ॲरोनोविचचं 'फॉक्सग्लव्ह समर' मिळालं, घरी आल्यावर कळलं की हा पाचवा पार्ट आहे, आधीचे चार कुठे मिळेनात आणि आता धीर धरवत नाहीये, असा एकूण मामला दिसतोय. तर छोटं उत्तर असं की चालेल, गोष्ट समजेल, मजा पण येईल, फक्त चौथा पार्ट तुमच्यासाठी कायमचा वाया जाईल. ऐकीव सांगत नाहीये, मी स्वतः हा गाढवपणा करून बसलेय.

पुण्यात किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात ना, तिथे मला हे मिळालं. वजनात बसवायला म्हणून उचललं, अक्षरशः, काट्यावर दीडशे ग्रॅम कमी पडत होते. कव्हर नकाशासारखं होतं आणि मला नकाशे आवडतात, एवढंच कारण. पाचवा पार्ट वगैरे बघायचं सुचलंच नाही. दोन रात्रीत संपवलं आणि आवडलं सुद्धा. आणि मग आधीचे शोधायला निघाले, म्हणजे सगळं रामायण वाचून झाल्यावर रामाची सीता कोण ते विचारायला.

सिरीज कशाबद्दल आहे ते थोडक्यात सांगते, यात काही फुटत नाही. पीटर ग्रँट हा लंडन पोलिसात साधा कॉन्स्टेबल, आई सिएरा लिओनची, बाप जॅझवाला. कॉव्हेंट गार्डनमध्ये एका खुनाच्या जागेवर रात्री पहारा देताना साक्षीदार म्हणून चक्क भूत भेटतं, आणि हा पठ्ठ्या घाबरण्याऐवजी त्याचा जबाब घ्यायला लागतो. तिथून तो इन्स्पेक्टर नाइटिंगेलकडे शिकाऊ जादूगार म्हणून लागतो. नाइटिंगेलचा जन्म १९०० सालचा, पण दिसतो चाळिशीतला. जादूचं शास्त्र न्यूटनने बसवलेलं आहे, आणि जादू केली की जवळच्या मोबाईलच्या चिपची वाळू होते. त्यामुळे पीटरचा निम्मा जीव फोन वाचवण्यात जातो. मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, जादू आली तरी ड्यूटी, फॉर्म, घरोघरी चौकशी आणि वरिष्ठांची बोलणी काही सुटत नाहीत.

आता पाचवा. हा २०१४ ला आला आणि सिरीजमध्ये पहिल्यांदाच लंडन सोडून बाहेर जातो, हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ. अकरा वर्षांच्या दोन मुली गायब झाल्यात, पीटर तिथे खरं तर एका रिटायर्ड म्हाताऱ्या जादूगाराकडे रुटीन चौकशीला गेलेला असतो आणि मग स्थानिक पोलिसांना मदत करतो म्हणून थांबतो. शहरी पोरगा, झाडांची नावं माहीत नाहीत, उकाड्याचे दिवस, शेतं, मधमाश्या, आणि सगळे याच्याकडे पाहुणा आला आहे अशा नजरेने बघतायत. गाव काल्पनिक आहे पण आजूबाजूचं बरंचसं खरं आहे, लेमिन्स्टर नावाचं शहर आहे (स्पेलिंगवर जाऊ नका, तिथली माणसं त्याला लेम्स्टर म्हणतात), लग नदी आहे, पोकहाउस वूड नावाचं जंगल खरंच नकाशावर आहे. फॉक्सग्लव्ह म्हणजे ती घंटांसारखी जांभळी फुलं, हृदयाचं डिजिटॅलिस औषध ज्याच्यातून निघालं ती. दिसायला गोड आणि पोटात गेली तर विष, पुस्तकाला नाव एकदम फिट बसलंय.

केस पहिल्या पानांवर सुरू होते आणि याच पुस्तकात संपते, नाइटिंगेल पण जवळपास फोनवरच असतो, लंडनची नेहमीची मंडळी फारशी नाहीत. त्यामुळे सुटा वाचायला अख्ख्या सिरीजमध्ये हाच पार्ट सगळ्यात सोपा आहे हे मी मान्य करते. ज्यांनी तुम्हाला "काही होत नाही, वाच बिनधास्त" असं सांगितलं असेल ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

कुठल्याही पुढच्या पार्टमध्ये लेखक आधीच्या गोष्टींचं काय करतो माहितीये का, घरी टीव्हीवर मालिका चालू असताना मध्येच कोणी येऊन बसलं की आजी स्क्रीनवरची नजर न हलवता सांगते ना, हा तिचा दीर, ती मागे पळून गेली होती, हिचं आणि तिचं पटत नाही, तसं. ॲरोनोविच यात हुशार आहे. एक वाक्य, अर्धं वाक्य, एखादा जोक, आणि नव्या वाचकाचं काम भागतं. पण आजी "ती मागे पळून गेली होती" असं म्हणाली म्हणजे तुम्हाला माहिती मिळाली, धक्का नाही मिळाला. ज्या दिवशी ती पळाली त्या एपिसोडला आजी उठून पाणी प्यायली होती, ते तुम्ही थोडंच बघितलं!

चौथ्या पार्टच्या, म्हणजे 'ब्रोकन होम्स'च्या, शेवटी एक गोष्ट होते. काय ते मी सांगणार नाही. फक्त एवढं सांगते की तोपर्यंतची चारही पुस्तकं त्या एका मिनिटासाठी रचली होती असं वाटावं अशी ती आहे. आणि पाचव्यात सुरुवातीलाच ती गोष्ट पीटर सहज बोलून जातो, कारण त्याच्यासाठी ते होऊन गेलंय, तो त्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करतोय, गावाला जायचं कारणही अर्धं तेच असावं असं मला वाटतं. मी ते वाक्य वाचलं आणि पुढे गेले, बरं, असं झालं होतं तर, आणि पान उलटलं.

मग पुस्तकात मधूनमधून त्याला एका व्यक्तीचे मेसेज येतात. छोटे, दोन-चार शब्दांचे. मी पहिल्यांदा वाचताना मला ते साइड ट्रॅक वाटले, केस इतकी रंगात आलीये आणि हे काय मध्येच मोबाईल बघत बसलाय. नंतर एक ते चार क्रमाने वाचून पाचवा परत घेतला तेव्हा तेच मेसेज वाचताना माझा घसा दाटून आला होता, लोकलमध्ये बसून. पाचव्या पार्टचं खरं दुखणं त्या मेसेजमध्ये आहे, बेपत्ता मुलींची केस वरचं कव्हर आहे असं म्हटलं तरी चालेल. आणि मी पहिल्या वाचनात नेमकं कव्हर वाचलं होतं.

चौथ्याचं म्हणाल तर तो मी असा वाचला की जणू परीक्षेचा पेपर आधीच फुटलाय. प्रत्येक सीनमध्ये मी हिशोब करत होते, हां, इथे हिंट दिलीये, इथे खोटं बोललंय. त्यातही एक वेगळी मजा आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या एका मैत्रिणीला मी दटावून क्रमाने वाचायला लावलं आणि तिने चौथा संपवून रात्री दीड वाजता फोन केला, काही बोललीच नाही, फक्त "अगं..." म्हणाली आणि गप्प. तो "अगं" मला कधीच मिळणार नाही. तुम्हाला अजून मिळू शकतो.

अजून एक गोष्ट जी पाचव्यावरून कळत नाही ती म्हणजे नद्या. सिरीजचं नावच ते आहे. पहिल्या पार्टमध्ये टेम्स नदी ही खरीच एक बाई आहे, मामा टेम्स, आणि तिच्या उपनद्या तिच्या मुली, फ्लीट, टायबर्न, एफ्रा, बेव्हर्ली ब्रूक. टेडिंग्टन लॉकच्या वर म्हाताऱ्या फादर टेम्सचं राज्य आणि खाली, जिथपर्यंत भरतीचं पाणी येतं तिथे, हिचं. यातल्या बऱ्याच नद्या आज लंडनच्या रस्त्यांखाली गटारं होऊन वाहतायत. ऑफिसच्या कामाला तीन आठवडे तिकडे होते तेव्हा एका रविवारी क्लार्कनवेलमध्ये रे स्ट्रीटवर एका पबसमोरच्या जाळीला कान लावून फ्लीटचा आवाज ऐकून आले, खरंच येतो, लोक बघत होते माझ्याकडे, बघू देत. कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल्स चर्चवर १६६२ मध्ये डायरीवाल्या सॅम्युएल पेपिसने तिथे 'पंच' नावाच्या पात्राचा कठपुतळीचा खेळ बघितला होता अशी पाटी आहे, ती पण शोधली. पहिला पार्ट वाचला की तुम्हाला कळेल ती पाटी बघून माझ्या अंगावर काटा का आला.

आपल्याला तर हे सगळं समजावून सांगायची पण गरज नाही. नदीला साडी-चोळी नेसवणारी, ओटी भरणारी माणसं आपण, वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, विहिरीपाशी साती आसरा असतात म्हणून आजी संध्याकाळी पाण्याकडे जाऊ द्यायची नाही. इंग्लिश वाचकाला जे नवल वाटतं ते आपल्याला ओळखीचं वाटतं, उलट मी वाचताना सारखी विचार करत होते की आपल्या पुण्यातल्या आंबील ओढ्याची बाई कशी असेल, वळवला, बुजवला, वर सोसायट्या बांधल्या, आणि सप्टेंबर २०१९ च्या पुरात एका रात्रीत तिने सगळ्यांना आपला जुना रस्ता दाखवून दिला. असो, विषय भरकटला. मुद्दा हा की पाचव्यात बेव्हर्ली हेरफर्डशरला येते, म्हणजे एका नदीची पोरगी दुसऱ्या नद्यांच्या इलाख्यात, आणि तिथे काय मानपान सांभाळावे लागतात यातली सगळी गंमत तुम्हाला पहिला पार्ट वाचला असेल तरच पोचते. तिचं आणि पीटरचं काय चाललंय हे पण.

पाचव्यात सगळंच भारी आहे असं नाही हां. मधला भाग जरा रेंगाळतो, आणि शेवट माझ्या मते घाईत गुंडाळलाय, दोन-तीन प्रश्न तसेच लोंबकळत राहतात, शेवटचं पान उलटल्यावर मी मागे अजून काही चिकटलंय का ते चेक केलं होतं. म्हातारा जादूगार आणि त्याच्या मधमाश्या मात्र माझ्या फेवरेट. त्याच्या तोंडून एटर्सबर्गचं नाव येतं, जानेवारी १९४५ ची ती मोहीम जिच्यात ब्रिटिश जादूगारांची एक पिढीच संपली. एटर्सबर्ग ही खरी टेकडी आहे, वायमारजवळ, जिच्यावर नाझींची बूखेनवाल्ड छळछावणी होती तीच. मोहीम लेखकाची, टेकडी इतिहासातली. आधीच्या पार्ट्समध्ये याचे नुसते उल्लेख ऐकलेले असतात, त्यामुळे इथे तो म्हातारा बोलायला लागला की कान टवकारतात, नवीन माणसाला ती फक्त एका आजोबांची लढाईची गोष्ट वाटेल. मला वाटली होती.

आता करायचं काय ते. चारही मिळाले तर उत्तम, नाहीच जमलं तर पहिला आणि चौथा तरी वाचा. दुसरा 'मून ओव्हर सोहो' जमला तर घ्याच, कारण मुख्य व्हिलन तिथून सुरू होतो. तिसरा 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड', बेकर स्ट्रीट स्टेशनवरच्या खुनाचा, तो नंतर वाचलात तरी फार बिघडणार नाही, माझं मत, सिरीजचे फॅन मला मारतील. मधल्या छोट्या कादंबऱ्या आणि कॉमिक्सचं टेन्शन घेऊ नका. पुस्तकं मिळत नसतील तर ऑडिओबुक बघा, कोब्ना होल्डब्रुक-स्मिथने वाचलंय, प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा काढतो, काही लोक तर फक्त त्याच्यासाठी ही सिरीज ऐकतात. घाई करायचं तसंही कारण नाही, दहावी कादंबरी 'स्टोन अँड स्काय' २०२५ ला आलीये, म्हणजे तुमच्यापुढे भरपूर वाचायचं पडलंय.

आणि शोधताना एक सांभाळा, पहिला पार्ट इंग्लंडमध्ये 'रिव्हर्स ऑफ लंडन' नावाने आहे आणि अमेरिकन आवृत्तीत त्याचंच नाव 'मिडनाइट रायट'. जुन्या पुस्तकांत दोन्ही फिरत असतात. मी नवीन पार्ट सापडला म्हणून नाचत घरी आले आणि तिसऱ्या पानावर तेच भूत, तोच जबाब. त्यामुळे माझ्याकडे पहिला पार्ट दोन वेळा आहे. पुण्यात असाल तर कमेंटमध्ये सांगा, एक घेऊन जा, आणि तोपर्यंत ते पाचवं कपाटात मागच्या रांगेत ठेवा. बॅक कव्हर वाचलंत तरी चालेल, त्यावर काही फुटत नाही.