‘हरताळ फासणे’ यातला हरताळ कोणता?

प्रश्न असा आहे: ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणताना त्यात संप कुठून आला? आणि संप कोणी ‘फासतं’ का?

नाही फासत, कारण तो संप नव्हेच. हा हरताळ म्हणजे संस्कृतातला ‘हरिताल’, आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. बंदचा हरताळ निराळा. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप यांतून, ‘हडताळ’ होत आलेला. उच्चार जुळले, एवढंच. (हरतालिकेला यात ओढू नये.)

कागदी पोथ्यांत चूक झाकायला हा हरताळ गोंदाच्या पाण्यात घोटून वापरत. चुकलेल्या अक्षरावर लेप द्यायचा आणि वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचं. वाक्प्रचार आला तो इथून.

गंमत अशी, की बोलण्यात हरताळ फासला की गोष्ट संपली. पोथीत मात्र अक्षर लेपाखाली शाबूत असतं. अभ्यासक त्या पिवळ्या डागांवरच टपलेले असतात. टवका उडाला असेल तर खालचं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नाहीतर अवरक्त छायाचित्र घ्यायचं: त्यात हरताळ बराचसा पारदर्शक होतो आणि काजळीची शाई काळीच राहते.

समजा, ‘व’ झाकून ‘च’ केलाय. हे दोन डोळ्यांना जवळचे, कानांना नाहीत. म्हणजे लेखनिक बहुधा समोरची पोथी पाहून उतरवत होता. ‘ष’ झाकून ‘श’ केला असेल तर ऐकून लिहिल्याचा संशय येतो, पण मनात पुटपुटत उतरवणाराही तसं चुकतो. तेव्हा एका डागावरून निकाल देऊ नये.

मला सगळ्यात आवडतो तो नजर घसरल्याचा पुरावा. झाकलेला शब्द थोडं पुढे त्याच्या योग्य जागी पुन्हा येतो. लेखनिकाची नजर एक ओळ खाली गेली असेल, तर मधली अक्षरं मोजली की मूळ पोथीची ओळ साधारण केवढी होती ते कळतं. ती पोथी कधीच नष्ट झालेली असली तरीही!

लेपावरचं हस्ताक्षर वेगळं निघालं तर मात्र सावध. ती दुरुस्ती नंतरच्या कुणा वाचकाची असू शकते, आणि झाकलेला पाठच बरोबर असू शकतो.

जाता जाता: दोन्ही हरताळ पुल्लिंगीच, त्यामुळे फरक क्रियापदावरून ओळखायचा. संपाचा पाळतात, पोथीतला फासतात.