बॉइंक सुरू करतोयस? आधी एकच प्रोजेक्ट घे
मस्त रे! बॉइंक म्हणजे आपल्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद वैज्ञानिक प्रोजेक्टना द्यायचं सॉफ्टवेअर. तू त्यातल्या सेटी अ‍ॅट होमचं (परग्रहावरच्या जीवांचे सिग्नल शोधणारा प्रोजेक्ट) विचारलंस, पण त्यांनी मार्च २०२० मध्येच नवीन काम पाठवणं थांबवलं, त्यामुळे बॉइंक इन्स्टॉल करून त्यात आइनस्टाइन अ‍ॅट होम हा प्रोजेक्ट जोड, पल्सार (वेगाने फिरणारे, लयीत सिग्नल देणारे मृत तारे) शोधायचं काम आहे, मला स्वतःला फार आवडतं.

१) एकच प्रोजेक्ट. नवीन माणूस हौसेने पाच-सहा जोडतो, कामाचा साठा पण भरमसाट मागवतो, मग डेडलाइन चुकते आणि तेच काम दुसऱ्याकडे जातं.

२) लॅपटॉप असेल तर प्रोसेसरचे निम्मेच कोअर (काम करणारे भाग) दे. सगळे दिलेस की उन्हाळ्यात नुसती भट्टी होते, आणि लाईटबिल वाढतं बरं का, घरी आधी सांगून ठेव.

ऑफिसच्या मशीनवर परवानगीशिवाय अजिबात नको. जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डवर काम चालवायचं) नंतर बघू, अडलं तर बिनधास्त विचार.