गृहकर्जाची फाइल नेमकी अडते कुठे?

गृहकर्जासंबंधी आलेल्या पत्रांमध्ये व्याजदराची चौकशी थोडी आणि ‘फाइल पुढे सरकत नाही’ ही तक्रार जास्त आहे. कर्ज देण्याआधी बँक अर्जदाराची आणि घराची छाननी करते. त्या छाननीबद्दलचे सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वाकडला रीसेलचा फ्लॅट घेतोय. बँकेने दोन दिवसांत सॅन्क्शन लेटर दिलं, म्हणून मालकांना दोन लाख विसार दिला. आता तीन आठवडे झाले, रोज नवा कागद मागतात. सॅन्क्शन झालंय, मग अडतंय कुठे?

ते मंजुरीचं पत्र तुमच्यापुरतं आहे, फ्लॅटपुरतं नाही. त्यातल्या अटी नीट वाचा. मालमत्तेचे लीगल आणि टेक्निकल अहवाल समाधानकारक आले तरच पैसे सुटतील, अशा अर्थाचं कलम तिथे सापडेल. तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं खातं आणि सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली याचा अहवाल आणि स्कोअर) एवढ्यावर तुमची ऐपत दोन दिवसांत ठरते. घराची पत ठरायला वेळ लागतो, आणि बहुतेक फायली तिथेच अडकतात.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सगळं तो बघतो. रीसेलमध्ये करारांची साखळी महत्त्वाची. बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तो करार, त्याने दुसऱ्याला विकलं तो, मग तुमच्या विक्रेत्याचा, आणि प्रत्येकासोबत नोंदणीची पावती व इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा). मधला एक करार गहाळ असला तरी फाइल थांबते. तो नोंदणीकृत असेल तर प्रमाणित प्रत निबंधकांकडून मिळते. पण बँक त्याशिवाय पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि हमीपत्र मागू शकते. तीन आठवडे असेच जातात. विक्रेत्याचंच कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं बाकी रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादीही लागते.

मग टेक्निकल अहवालासाठी बँकेचा इंजिनिअर येतो. तो खोल्या मोजतो, नकाशाशी ताडून बघतो. बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलेला दिसला की तसा शेरा मारतो. इमारतीचं वय लिहितो आणि ती अजून किती वर्षं टिकेल याचा अंदाज देतो. जुन्या इमारतीत कर्जाची मुदत या अंदाजावरून कमी होते, म्हणून हप्ता वाढतो.

आता तुमचे दोन लाख. कागदांमुळे बँकेने नकार दिला तर विसार परत, असं विसार पावतीवर लिहून घेतलंय का? नसेल तर आजच विक्रेत्याशी बोलून लिहून घ्या. नव्या प्रकल्पात रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचा आधार आहे. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रीसेलमध्ये तुमचं संरक्षण त्या पावतीवरच अवलंबून आहे.

आणखी एक, कळकळीने सांगतो. बँकेचा वकील बँकेच्या पैशांची काळजी घेतो, तुमच्या नाही. आयुष्याची कमाई घालताना स्वतःच्या वकिलाच्या फीसाठी हात आखडू नका.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट ६० लाखांना ठरला. ८० टक्के म्हणजे ४८ लाख मिळतील असं धरलं होतं. बँक ४४ च देते म्हणते.

बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट ५५ लाखांचा आला असणार. कराराची किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरण्याची बँकांची पद्धत आहे. त्यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा लागते : ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ५५ चे ८० टक्के म्हणजे ४४.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या किमतीत धरत नाहीत. पुण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के धरले तर ६० लाखांवर ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. तुमच्या खिशातून १६ नव्हे, साडेवीस लाख जाणार. पत्नीच्या एकटीच्या नावावर खरेदी केली तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिचाही विचार करा.

मूल्यांकनाला आव्हान देता येतं. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू घेऊन शाखेत जा आणि फेरमूल्यांकन मागा. पण विक्रेता ‘काही रक्कम रोख द्या, करार कमीचा करू’ म्हणाला तर साफ नकार द्या. करारावरचा आकडा घटला की कर्जही घटतं, आणि रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

प्रश्न : सॅन्क्शन झालं आहे, ताबा दोन महिन्यांनी आहे. दरम्यान गाडी घेतली तर चालेल का? पगार हातात ८० हजार.

नका घेऊ. पैसे सोडण्याआधी बँक पुन्हा सिबिल बघू शकते. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत चालतात असं धरू, म्हणजे ४० हजार. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, त्या हिशेबाने सुमारे ४६ लाख मिळतात. गाडीचे १२ हजार वजा केले की २८ हजार उरतात आणि कर्ज सुमारे ३२ लाखांवर येतं. नोकरी बदलणार असाल तर तेही बँकेला आधी कळवा.

प्रश्न : इचलकरंजीत माझा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा धंदा आहे. उलाढाल चांगली आहे, पण रिटर्नमध्ये उत्पन्न साडेचार लाखच दिसतं. बँक त्यावरच अडून बसली आहे.

तुमचा धंदा खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण क्रेडिट विभागातला माणूस दुकानात बसून गल्ला मोजू शकत नाही. त्याच्यापुढे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं आणि चालू खातं असतं. या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तो आधी बघतो. दोन वर्षांची रिटर्न्स एकाच आठवड्यात भरलेली दिसली किंवा अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात एकदम रोकड जमा झाली, तर त्याचा विश्वास उडतो.

सीएंना विचारा, घसारा (यंत्रं-सामान झिजल्याची वजावट) किती दाखवला आहे. तो कागदावरचा खर्च असल्याने बऱ्याच बँका उत्पन्नात परत मिळवतात. पत्नीचं उत्पन्न असेल तर तिला सहकर्जदार करा. काही गृहवित्त कंपन्या प्रत्यक्ष धंदा पाहून उत्पन्न ठरवतात, पण त्यांचा व्याजदर चढा असतो. घाई नसेल तर मी एक वर्ष थांबायला सांगेन. पूर्ण उत्पन्न दाखवा, कर भरा, मग अर्ज करा. २० वर्षांच्या जादा व्याजापुढे एका वर्षाचा कर बराच हलका पडेल.

प्रश्न : माझे हप्ते वेळेवर जातात, तरी स्कोअर ६६० आहे. पूर्वी क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलं होतं. साडूच्या कर्जाला जामीनही आहे. (नाशिक)

दोन्ही कारणं तिथेच आहेत. सेटलमेंट म्हणजे बँकेने काही रक्कम सोडली, आणि सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहिली. छाननी करणाऱ्याला ती खटकतेच. सोडलेली रक्कम भरा, नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं) पत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्या. जामीनकीचं कर्ज तुमच्याही अहवालात दिसतं. साडूंचे हप्ते थकले असतील तर त्याची झळ तुम्हाला बसते. नात्यात विचारायला अवघड वाटेल, तरी विचारा.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर ठरवलेला नाही. ७५० ही बँकांनी आपापल्या धोरणात ठेवलेली रेषा आहे, त्यामुळे ६६० वर सगळीकडे दार बंद होत नाही.

प्रश्न : अर्ज नामंजूर झाला. शाखेत विचारलं तर ‘वरून आलं नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

नकाराचं मुख्य कारण लेखी देणं बँकेवर बंधनकारक आहे, कर्जाची रक्कम कितीही असो. शाखाधिकाऱ्यांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते. कारण कळेपर्यंत दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते, आणि दोष फ्लॅटच्या कागदांत असेल तर तो पुढच्या बँकेच्या वकिलालाही सापडेल.